भावोजींच्या डब्यातलं कपभर पेट्रोल

उरुबिसी, जुलैतला दुसरा सोमवार, ऐन हिवाळा

प्रिय इव्होनीर भावोजी,

वहिनीचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? थंडी पडायच्या आधीच तो सांगतो म्हणे. म्हणजे सल्ला देणारा आणखी एक अवयव तुमच्यात तयार झाला. मी बरी आहे. नेरेउला जाऊन तीन महिने झाले. मातेचा कडू चहा अजून दोघांपुरता भिजवते, आणि उरलेला मीच पिते.

आता गाडीचं. तुम्ही फोनवर म्हणालात, "वहिनी, पेट्रोल आणि अल्कोहोल, दोन्ही इंधनांवर चालणारी गाडी सांभाळणं बायकांचं काम नाही. रविवारी नेरेउच्या स्मरणप्रार्थनेला एकट्या लाझेसच्या चर्चपर्यंत चालवत आलात तर गाडी तुमची. नाहीतर मी घेऊन जातो." गाडी माझ्याच नवऱ्याची असल्यामुळे ही उदारता मला फार भावली.

शनिवारी मी पंपावर गेले. टाकीच्या तळाशी नेरेउने भरलेलं थोडं उरलं होतं, निम्मं पेट्रोल, निम्मं अल्कोहोल. त्यावर दुसरं ओतायला जीव होईना. पण आठवणीवर गाडी चालत नाही, इंजिनाला हे लगेच कळतं. माणसांना वेळ लागतो. शेजारची डिल्झा सोबत होती. ती म्हणाली, "निव्वळ अल्कोहोल भर गं. स्वस्त, आणि गाडी पळते कशी बघ." तुमचं मत उलटं: महागडं, जास्त ऑक्टेनचं, शुद्ध पेट्रोलच हवं. (शुद्ध म्हणजे आपल्याकडे काय, हे तुम्हाला सांगायला नको. सरकार त्यातही पाव भाग अल्कोहोल घालतं. या देशात पेट्रोलसुद्धा थोडं घेतल्याशिवाय पंपावर येत नाही.) मी डिल्झाचं ऐकलं, कारण ती शेजारी उभी होती आणि तुम्ही दूर होता. टाकी अल्कोहोलने भरली आणि पंपासमोरच्याच आपल्या गल्लीत आणून गाडी उभी केली.

रविवारी सकाळी अंगणात पांढरं दव गोठलेलं. किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा खोकली. पाचव्या खोकल्याला सगळी गल्ली जमली, हातात मातेच्या चहाचे भोपळ्याचे पेले घेऊन, जणू मीच बोलावलं होतं. कुणी म्हणालं बॅटरी गेली, कुणी म्हणालं पंपवाल्याने पाणी मिसळलं. डिल्झा म्हणाली, "बाई, ती नेरेउच्या आठवणीने रुसलीय." मग तिनेच किटलीभर गरम पाणी इंजिनावर ओतलं. वाफ छान आली. गाडी नाही आली.

शेवटी मी आत जाऊन गाडीचं पुस्तक आणलं. (तुम्ही हसाल. मी शाळेत फारशी गेले नाही, म्हणून छापलेलं काही दिसलं की वाचून टाकते. तुम्ही शाळेत गेलात, तुमची ती सवय सुटली.) त्यात लिहिलं होतं की इंधन बदललं की गाडी काही किलोमीटर चालवावी, म्हणजे नवं मिश्रण तिला ओळखता येतं. मी तिला ओळख व्हायच्या आधीच झोपवलं होतं. शिवाय थंडीत अल्कोहोल पेट घेत नाही, त्यासाठी इंजिनाशेजारी पेट्रोलची एक छोटी टाकी असते. ती कोरडी ठणठणीत. ती नेरेउ भरायचा. कधी भरायचा, मला कधी दिसलंच नाही. लग्नात अशी बरीच कामं असतात.

तुम्ही मागे "इंजिनाच्या तब्येतीसाठी" ठेवून गेलेला पेट्रोलचा डबा कोठीत होता. त्यातलं कपभर छोट्या टाकीत ओतलं. दुसऱ्या किल्लीला गाडी सुरू झाली. तेव्हा मान्य करते, तुमचं महागडं पेट्रोल उत्तम आहे. तुमच्या सल्ल्यासारखंच, कपभर पुरतं.

घाट उतरताना तिने दोन आचके दिले, मग तिला नवं मिश्रण पटलं. मी लाझेसला पोहोचले तेव्हा प्रार्थना संपली होती. सेवक मेणबत्त्या विझवत होता. तो म्हणाला, "मेलेल्याचा भाऊ आत्ताच गेला. सगळ्यांना सांगत होता, वहिनी काही येत नाही." मी एक मेणबत्ती पुन्हा पेटवून घेतली, थोडा वेळ बसले आणि त्याच गाडीने परत आले. सेवकाला विचारून खात्री करून घ्या. तुम्ही घ्यालच.

तेव्हा गाडी माझी. कृपा करून यापुढे इंधनावर एक शब्द बोलू नये.

आपली वहिनी,
झेनाइदे

ता. क. गाडीला गिऱ्हाईक बघून ठेवलंय असं डिल्झाला म्हणालात म्हणे. त्या गृहस्थांना माझा नमस्कार आणि नकार कळवा.

ता. ता. क. आज पुन्हा पंपावर गेले होते. तुम्ही आणि नेरेउ तिथे पेट्रोल की अल्कोहोल यावर तासन् तास भांडायचात, आणि मी गाडीतून ओरडायचे, "काहीही भरा, पण चला, जेवण निवतंय." आज पंपवाल्याने विचारलं, "काय भरू?" मी सांगितलं, त्याने भरलं. दोन मिनिटांत झालं. कुणीच काही बोललं नाही. रविवारी येता का? टाकी अर्धी ठेवते. येताना तुमची सगळी मतं घेऊन या, आणि जरा मोठ्याने बोला.