वसंताचे हलणारे ओठ

मंगळवार, १८ नोव्हेंबर २००३

संध्याकाळी वसंता आला होता. माझा शाळासोबती, आता बडा सीए. आमची पतसंस्था बुडाली. तिच्या हिशेबांवर हाच दरवर्षी न तपासता सही करायचा. मी सीएंच्या संस्थेकडे तक्रार केली. पुढच्या आठवड्यात मुंबईला त्यांच्या समितीपुढे सुनावणी आहे.

"नाना, मागे घे ना तक्रार. सनद जाईल रे माझी."

"निवाडा करणारेही तुझेच भाऊबंद. मग भितोस कशाला?"

यावर त्याने आमची चौथीतली कविता काढली. पहिल्या ओळीला मी विरघळलोच. खिडकीतलं ऊन, सगळ्या वर्गाचा एक सूर... दुसऱ्या ओळीपासून मात्र हा नुसते ओठ हलवू लागला, माझ्या आवाजाची वाट बघत. शाळेतही माझ्या शेजारी असाच उभा असायचा. गुरुजींना वाटे, याला सगळं पाठ. सह्याही तशाच केल्या ना याने?

मला सबंध कविता येत होती. एक शब्द बोललो नाही. ओठ हलून हलून थांबले. केवढं बरं वाटलं.

समितीतले भाऊबंद त्याला सूर देतील का? देतीलही. म्हणूनच मी जाणार, अगदी समोर बसणार आणि त्याच्या ओठांकडे बघत राहणार.