भिंगरीचं माप

४ फेब्रुवारी

सोळा मिलिमीटर! वर्षापूर्वी दहा, मध्ये तेरा, आजच्या सोनोग्राफीत सोळा. भिंगरीच्या डाव्या मूत्रपिंडाची सूज वाढतच चाललीय. चार वर्षांची पोर, दिवसभर उड्या मारते, कुठे दुखत नाही, खुपत नाही. गेल्या वर्षी तो ताप आला नसता तर आम्हाला पत्ताही लागला नसता.

डॉक्टरांनी पुन्हा कागदावर चित्र काढून समजावलं. मूत्रपिंडातून लघवी एका बारीक नळीने खाली मूत्राशयात उतरते. नळीचं तोंड अरुंद असेल तर ती वरच तुंबते आणि मूत्रपिंड फुगतं. बऱ्याच मुलांचं आपोआप ओसरतं म्हणे. पण आकडा असाच चढत राहिला तर ऑपरेशन. मी मान डोलावली, घरी येईपर्यंत निम्मं विसरलो. बायकोला शेवटी माझ्या शिवणकामाच्या टेपवर सोळा मिलिमीटर दाखवले. ती टेपकडे बघतच राहिली.

५ फेब्रुवारी

चार पँट कापल्या. एकीचे दोन्ही पाय डावेच!

९ फेब्रुवारी

बँकेतले साहेब कोटाचं माप द्यायला दुकानात आले. टेप लावली की पोट आत — दर वेळी तेच. म्हटलं, साहेब, श्वास सोडा, नाहीतर कोट तुमच्या अंगाला नाही, हौसेला बसेल. हसले, आणि दोन इंच वाढले. बऱ्याच दिवसांनी मीही हसलो.

१७ फेब्रुवारी

ऑपरेशन अठ्ठावीसला ठरलं. आधी एक शेवटची सोनोग्राफी. बायको म्हणाली, "एवढ्याशा अंगाला सुरी लावायची?" थकलोय. झोपून उठलो तरी थकलेलाच असतो. भिंगरीला सांगितलं, तर म्हणते कशी — "टाके तूच घाल ना, बाबा."

उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

२५ फेब्रुवारी

उद्या सोनोग्राफी. तयारी नेहमीप्रमाणे माझ्याकडे. निघताना दोन पेले पाणी पाजायचं आणि नंबर लागेपर्यंत शू करू द्यायची नाही. माझ्या पोटाची सोनोग्राफी झाली होती तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी बजावलं होतं — लघवी भरलेली हवी, तरच चित्र स्वच्छ येतं. तेव्हाच खूणगाठ बांधली. पहिल्यांदा भिंगरीने कसाबसा अर्धा तास धरली, मग तासभर, गेल्या वेळी दीड तास. पाय आवळून बसते, रडकुंडीला येते, पण माझं ऐकते. शहाणी आहे. निदान डॉक्टरांना चित्र तरी नीट मिळू दे.

२६ फेब्रुवारी

सोनोग्राफीला आज नवीन बाई होत्या. पडद्याकडे बघून म्हणाल्या, "मूत्राशय गच्च भरलंय. खाली जागा नसली की वरचं उतरत नाही. हिला आधी शू करून आणा." दर वेळी अशीच आणता का, असं त्यांनी विचारलं. मी अभिमानाने हो म्हणालो.

शू करून आणली. पुन्हा मोजलं. आठ.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख खोडली. तीन महिन्यांनी बघू म्हणाले. वर्षभर मी माझ्याच लेकीला श्वास रोखायला लावून माप घेत होतो.