हंबीररावांनी एक दिवस रिक्षा चालवली

कोल्हापूर,
जुलै १९९८

आदरणीय आबामामांना धम्मपालचा सप्रेम जयभीम. मामींनाही सांगा. इकडं मी, दीप्ती आणि सोनम खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्याची चौकशी दीप्तीनं खास करायला सांगितली आहे. राधानगरीला पाऊस किती झाला ते लिहू नका, धरणाचे दरवाजे उघडले की आम्हाला पंचगंगेकडं बघून कळतंच.

मी रिक्षा सोडली असं तुमच्या कानावर आलं असेल. ते खोटं आहे. रिक्षानं मला सोडलं होतं. त्याचं असं झालं, मीटरचं भाडं वाढवायचं म्हणून सरकारी कचेरीत बैठक होती आणि रिक्षावाल्यांच्या वतीनं बोलायला मला पुढं केलं (शिक्षणामुळं नव्हे, आवाजामुळं). मामा, आमच्या धंद्यात भाडी दोन. पॅसेंजर मला देतो ते एक. ते सरकार ठरवतं, त्याचं छापील कार्ड मिळतं, जास्त घेतलं तर दंड. दुसरं मी रिक्षाच्या मालकाला, म्हणजे हंबीररावांना, रोज देतो ते. ते हंबीरराव ठरवतात, दाढी करता करता. गाडी गॅरेजला पडून असली तरी ते चालूच. शिवाय पहिलं वाढलं की दुसरं त्याच दिवशी वाढतं, म्हणजे भाडेवाढीच्या शिव्या मला आणि भाडेवाढ हंबीररावांना. हे सगळं मी उभं राहून खणखणीत सांगितलं आणि म्हणालो, साहेब, एक भाडं तुम्ही बांधलंय, तर दुसऱ्यालाही दावं लावा. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, मालकानं किती घ्यावं याचा नियम आमच्याकडे नाही, ते तुमचं तुम्ही बघा. तेवढ्यात माझ्या मागच्या खुर्चीतून आवाज आला, "बघूया की! किल्ली आण हिकडं." (बैठकीला मालकांनाही बोलावतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.)

घरी बसलो. दीप्तीनं मेथीची जुडी माझ्या पुढ्यात टाकली. सोनमनं विचारलं, "पप्पा, आता तुमी काय काम करणार?" मी मेथी निवडत होतो. मग काड्यासुद्धा निवडून ठेवल्या.

इकडं हंबीररावांनी ठरवलं, ड्रायव्हर हवाच कशाला? परीटघडीचा शर्ट घालून ते स्वतः एस.टी. स्टँडवर लायनीत लागले. गगनबावड्याहून दोन फणस घेऊन आलेल्या शालूबाई त्यांच्या रिक्षात बसल्या. जायचं मंगळवार पेठेत. पण रहदारीत उजवीकडं वळायचं हंबीररावांना धाडस होईना, त्यामुळं ते डावीकडंच वळत राहिले. शालूबाई ओरडल्या, "अवो पावणं, ह्यो रंकाळा दुसऱ्यांदा दिसाय लागलाय की!" उतरताना हंबीररावांनी भाडेवाढीचं नवं कार्ड चष्म्याशिवाय वाचलं आणि भलत्याच ओळीचं भाडं मागितलं. शालूबाईंनी असा गिल्ला केला की चौकातला हवालदार आला. त्यानं बिल्ला मागितला. तीन रिक्षांचे मालक, परमिट त्यांच्या नावावर, पण रिक्षा चालवायचा बिल्ला काही त्यांच्याकडं नाही! गाडी हलवायची कुणी? मला चौकीवरून निरोप आला.

गेलो तर हंबीरराव बाकावर, मांडीवर फणस (शालूबाईंनी पुरावा म्हणून ठेवलेला).

"धम्मपाल, गाडी घरला घे बाबा."

"घेतो की. पण गाडी गॅरेजला असली की त्या दिवसाचं भाडं न्हाय. आणि औंदा वाढ न्हाय."

"चौकीत गाठून अडवतोस व्हय रं?"

"चौकीभाईर तुमी ऐकताय कुठं?"

हवालदार तोंड फिरवून हसला. हंबीरराव फणस बाकावर ठेवून उठले आणि "बरं" म्हणाले. मामा, ते शब्द फिरवायच्या आत मी गाडी चालू केली. घरी जाताना ते पहिल्यांदाच मागच्या सीटवर बसले. तिची स्प्रिंग वर आलीय हे मी वर्षभर सांगत होतो. घर येईपर्यंत ते अर्धे उभेच होते. दुसऱ्या दिवशी सीट नवी.

तब्येतीला जपा. मामींच्या हातच्या झुणक्याची आठवण येते.

तुमचा भाचा,
धम्मपाल

ता.क. हंबीररावांचं मन धंद्यावरून उडालंय. एक रिक्षा ते विकतायत, ती मी घेतोय. बँकेला जामीन लागतो, तर तुमची सही हवी. पत्र त्यासाठीच लिहिलंय, पण गुडघ्याचंही खरंच विचारलंय.

आणखी ता.क. दिवसा ती मी चालवीन, पण रात्री नुसती उभी राहून काय करणार? तुमच्या प्रसेनजीतला पाठवा. मालक म्हणून त्याच्याकडून रोजचं भाडं मला घ्यावंच लागेल, पण घरातल्या माणसांत नियम आणि बैठका कशाला? आकडा मी दाढी करताना ठरवीन. त्याला आत्ताच काही बोलू नका, आधी अंथरूण घेऊन येऊ दे.