खोक्यांचं लंडन

भाद्रपद शुद्ध षष्ठी, कसबा पेठ

बांबू, कापड, लाल दिवे आणि मार्केट यार्डातल्या माझ्या गाळ्यावरची टोमॅटोची रिकामी खोकी. एवढ्यावर लंडन उभं राहिलं. खरी किंमत आज संध्याकाळी कळली.

यंदाच्या गणपतीतला जिवंत देखावा माझ्याच डोक्यातला. मराठे समुद्र ओलांडून लंडन घेतात. सरदार मी. गाळ्यावरचा घाऱ्या डोळ्यांचा दत्ता गोरा साहेब होऊन गुडघे टेकतो आणि खोक्यांचा घड्याळाचा मनोरा लाल दिव्यांनी पेटतो. माईकवर मी गरजलो, "आजपासून लंडन आपलं!" टाळ्या कडाडल्या. त्यातही रडणं ऐकू आलं. माझे कान तिखट, काय करणार.

आमची मीरा. लेकीची लेक, तिकडेच जन्मलेली, सुट्टीला आलेली. इथलं सगळं तिला आपलं वाटावं म्हणूनच तर हा खटाटोप.

"आजोबा, त्या घड्याळाजवळ माझी शाळा आहे. तीपण जाळली?"

"अगं, ती खोकी आहेत."

"पण आत मिस असतील ना!"

दत्ता खोटी दाढी सोडवत म्हणाला, "शेठ, आता द्या उत्तर. मी तर शरण आलोय."

शनिवारवाड्यावरचा झेंडा उतरला तेव्हा इथल्याही एखाद्या पोरीनं असंच विचारलं असेल. मला हे सुचलंच कसं नाही?

उद्यापासून मनोरा पेटणार नाही, हे मीराला सांगायला गेलो. ती बॅग भरत होती.

"कुठे निघाली स्वारी?"

"परवा घरी जायचंय ना, आजोबा."

तिचं घर लंडनला आहे.