उष्टावणीतलं पेन

चि. संयोगिता हिला तासगावहून नाथाजीमामाचा भरभरून आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. माझा गुडघा पलटणीत असताना हुकूम मानायचा, आता मानत नाही, एवढंच. तुझी तब्येत विचारत नाही, कारण तू फोनवर आईजवळ रडलीस हे कळलंय. तुझ्या संस्थेतली बाकीची पोरं जन्मतःच गणिताचं डोकं घेऊन आलीत, आपल्याकडं ते नाही, म्हणून संशोधन सोडून घरी येतेस आणि सोमवारी सरांना तसं सांगणार आहेस, हेही आईनं मला सांगितलं. फोनच केला असता, पण फोनवर तू 'बरं मामा' म्हणून ठेवून देतेस. पत्राला तसं करता येत नाही.

तर परवा तुझ्या ताईच्या, क्रांतीच्या, पोरीची उष्टावण झाली. खीर चाटवायच्या आधी बाळासमोर वस्तू मांडायच्या, जे धरील तो त्याचा पुढचा धंदा, हे तुला ठाऊकच आहे (तू पेन धरलंस म्हणून तर आपण सगळे तुला हुशार म्हणत आलो). पेन होतं, शेतातली माती होती, माझं पलटणीतलं पदक होतं आणि क्रांतीचे सासरे दादासो यांनी आणलेली, सौद्यात व्यापाऱ्यांना दाखवायच्या बेदाण्याच्या नमुन्याची पिशवी होती. दादासो पिशवी हळूच बाळाच्या नाकाखाली सरकवत होते. मीही पायाच्या अंगठ्यानं पदक पुढं ढकललं (देशासाठी). त्यांनी ते पाहिलं, आणि मग आमचं जे जुंपलं त्यात खीर गार झाली. तोवर पोरीनं पिशवीच्या नाडीची गाठ धरली. बेदाण्याकडं बघेना, पदकाकडं बघेना. गाठ सुटेना आणि ही सोडेना. काढून घेतली की किंकाळी, परत दिली की गप, पुन्हा पहिल्यापासून सुरू. दादासो म्हणाले, पिशवी धरली म्हणजे व्यापारी. मी म्हटलं, नाडी धरली, बूट बांधणार, फौजीच. तेवढ्यात तुझी आई डोळे पुसत हसायला लागली.

"आमची संयू आशीच व्हती. पेन कुटलं आलंय? खिरीच्या भांड्याला फडकं बांधलं व्हतं, त्याची गाठ धरून बसली. पाव्हणं जेवून गेलं तरी उठंना. आता गाठ धरली म्हणून लोकास्नी काय सांगायचं? पेन म्हटलं!"

मी तेव्हा सीमेवर होतो. पेनाची बातमी आली म्हणून अख्ख्या पलटणीला पेढे वाटले होते.

तेव्हा जन्मजात म्हणशील तर तुझं पेन रद्द झालं. इतरांना डोकं उपजत असेलही. आमच्या पलटणीतल्या एका गड्याचा नेम पहिल्याच दिवशी लागला होता, मी खोटं कशाला बोलू. पण एका गणितापाशी तू जेवण विसरून बसतेस, झोपेत तेच बरळतेस (तुझ्या मैत्रिणीनं सांगितलं), आणि ते टाकून उठणं काही तुला जमत नाही. ते सुटेल का, मला माहीत नाही. तू तिथंच बसून राहावंस असं वाटतं. तू माझी फार लाडकी आहेस, आणि हेही मला फोनवर बोलता येत नाही.

तुझा,
नाथाजीमामा

ता. क. पोर पिशवी कुशीत घेऊन झोपली. दादासोंनी कात्री आणली, पण धीर झाला नाही. सौद्याला नमुन्याशिवाय गेले.

आणखी एक ता. क. खरं म्हणजे 'निघून ये' असं लिहायला तुझ्या आईनंच मला बसवलंय. ती मागं उभी आहे. चष्मा सापडत नसल्यानं तिला वाचता येत नाही. चष्मा माझ्या खिशात आहे. सोमवारी सरांना काही सांगू नकोस.

संयू, मी आई लिहितीया. चष्मा घावला. समदं वाचलं. येऊ नगंस. पन रोज फोन करत जा, गनित सुटलं न्हाई तरी.