काचेबाहेरचा माणूस

दादा,

वहिनीला वॉर्डाच्या दारात सोडलंस आणि गाडीतूनच मला म्हणालास, "साधा ताप आहे, उगाच बोभाटा करू नकोस."

स्वतः डॉक्टर ना तू? हा रक्तस्रावी तापाचा विषाणू आधी पहारेकरी पेशींतच शिरतो, त्यांची धोक्याची हाक दाबतो आणि त्यांच्यातूनच अंगभर पसरतो. शरीराला जाग येईपर्यंत रक्तवाहिन्या झिरपू लागतात. वहिनीच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, तेव्हा तुझा फोन बंद होता.

ती वाचली. काल तू फुलं घेऊन विलगीकरण कक्षाच्या काचेबाहेर हात हलवत उभा राहिलास.

"कोण गं ते?" तिने विचारलं. ताप मेंदूत गेला की काय, म्हणून मी घाबरले. तशी ती हसली.

"तुझ्या दादाला सांग, ओळखलं नाही म्हणून."

हे पत्र पाठवणार नाही. वाचायलाही धीर लागतो.

नाइलाजाने तुझीच,
बहीण