हिरव्या चहाची तपासणी

अपेक्षा,

तुह्या तपासणीची शौचाची डबी भरून बर्फाच्या पेटीत ठेवली आहे. तुह्या अभ्यासासाठी पंधरा दिवस म्या हिरवा चहा पेला, पण डबी द्याले लाजली अन् काल तुह्यावरच ओरडली. चुकलं माहं.

मंग तू चहा पिणाऱ्या बायकांले सांगत होती ते दाराआडून ऐकलं. चहातला गुण पोटातले जंतूच फोडून देतात तवा तो अंगी लागते, अन् जंतू प्रत्येकीचे येगळे, म्हणून एकीले लाभते, दुसरीले नाही. एवढं कठीण किती सोपं करून सांगितलं पोरी तू!

केळापूरच्या काकूनं रिकामी डबी वापस पाठवली म्हणे. तिच्याकडेच चालली. तिले सांगीन, "मी दिली, तू काहून लाजतं? पोरगी आपल्यासाठीच शिकून राह्यली."

वरण-भात झाकून आहे, जेवून घे.

आई